डार्कनट : झेल्डा मालिकेतला तलवारीचा मास्तर

ढालतलवार

झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेवर बोलणं निघालं की खलनायक गॅनन, मास्टर सोर्ड ही तलवार, एपोना ही घोडी यांच्यावर रकानेच्या रकाने भरतात. डार्कनटच्या वाट्याला फार तर एखादं वाक्य येतं, "तो अवघड आहे" एवढंच. त्याच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

ज्यांनी मालिका खेळलेली नाही त्यांच्यासाठी: डार्कनट म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घातलेला, हातात तलवार आणि बहुतेक वेळा ढाल असलेला शत्रू. 1986 च्या पहिल्याच 'द लेजंड ऑफ झेल्डा'पासून तो आहे. तो बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू नसतो, फार तर मिनीबॉस, म्हणजे वाटेतला मोठा शत्रू. एखाद्या बंद खोलीत उभा असतो आणि तो पडल्याशिवाय तुमची सुटका नसते.

माझं म्हणणं असं की ज्या झेल्डा गेममधली तलवारबाजी समजून घ्यायची असेल, त्या गेममधला डार्कनट आधी बघावा. बॉस बहुतेक वेळा त्याच डन्जनमध्ये (शत्रूंनी आणि कोड्यांनी भरलेल्या वास्तूत) मिळालेल्या वस्तूने मरतात. धनुष्य मिळालं की डोळ्यात बाण, बॉम्ब मिळाले की तोंडात बॉम्ब. ते एक कोडं असतं, सुटलं की सुटलं. डार्कनटपुढे वस्तूंची पिशवी फारशी कामाला येत नाही. तिथे तुमचा हात, तुमचं पाऊल आणि तुमचा धीर एवढंच चालतं.

पहिल्या गेमपासून सुरुवात करतो. तिसऱ्या लेव्हलपर्यंत खेळाडूला एक सवय लागलेली असते: शत्रूकडे तोंड करायचं आणि बटण दाबायचं. स्टाल्फोस, गोरिया, कीस हे साधे शत्रू सगळे त्यात आटोपतात. मग तिसऱ्या लेव्हलमध्ये नारिंगी डार्कनट येतो. तलवार त्याच्या ढालीवर आदळते, टणकन आवाज होतो आणि काहीच घडत नाही. बूमरँगने तो थबकत नाही. बाण वाया जातो. तलवार लागते ती फक्त बाजूने किंवा पाठीमागून. ऐकायला सोपं वाटतं, पण तो चारी दिशांना आपल्याच नादात फिरत असतो आणि कधी वळेल याचा काही नेम नसतो. तुम्ही त्याची बगल हेरून पुढे सरकता आणि नेमका त्याच क्षणी तो तुमच्याकडे तोंड करतो.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की तो तुमच्या मागे लागत नाही. काही फेकतही नाही. नुसता फिरतो. हार्ट्स (म्हणजे आपला जीव) जातात ते आपणच घाई करून त्याच्या अंगावर गेल्यामुळे. म्हणून मुरलेला खेळाडू डार्कनटच्या खोलीत लगेच ओळखू येतो. आत शिरल्यावर तो काही क्षण उभा राहतो, कोण कुठे वळतोय ते बघतो आणि मग एकच पाऊल टाकतो. पुढे पाचव्या लेव्हलमध्ये निळे डार्कनट घोळक्याने येतात. त्यांना दुप्पट घाव लागतात, आणि एकाची पाठ हेरताना दुसऱ्याचं तोंड विसरलं की कारभार आटोपला.

आता एकदम 'द विंड वेकर'कडे येतो (2002). चित्रं कार्टूनसारखी, पण डार्कनट म्हणून विचाराल तर मालिकेतला हा माझा सर्वांत लाडका. टॉवर ऑफ द गॉड्समध्ये तो पहिल्यांदा मिनीबॉस म्हणून भेटतो आणि त्याला हरवल्यावर धनुष्य मिळतं. या गेममध्ये शत्रूने घाव उचलला की नेमक्या क्षणी बटण चमकतं आणि कंट्रोलर थरथरतो. तेवढ्यात बटण दाबलं तर लिंक, म्हणजे आपला नायक, त्याच्या भोवती लोळण घेऊन पाठीमागे जातो किंवा डोक्यावरून उडी मारतो. लोळण घेतली तर चिलखताचे पट्टे कापले जातात आणि सगळं चिलखत खणखणत खाली पडतं. उडी मारली तर शिरस्त्राण उडतं आणि आतून कुत्र्यासारखं लांब तोंड बाहेर येतं. सोळा वर्षं ज्याच्यावर फक्त टणकन आवाज यायचा, त्याचा चेहरा इतका जवळून दिसतो.

आणि तलवार हातून गेली तरी तो हरत नाही. लाथा-बुक्क्यांवर येतो. त्याच्याकडून मिळणारी नाइट्स क्रेस्ट नावाची दहा चिन्हं जमवून आउटसेट बेटावरच्या ऑर्का या तलवारीच्या शिक्षकाला दिली की ऑर्का तुम्हाला हरिकेन स्पिन हा गरगर फिरून करायचा वार शिकवतो. म्हणजे विद्येची फीसुद्धा डार्कनटकडूनच वसूल करून भरायची!

'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधल्या (2006) टेम्पल ऑफ टाइमच्या डार्कनटला मी मालिकेतली उत्तम द्वंद्वं मोजताना पहिल्या तिनात ठेवीन. सुरुवातीला तो अवजड, सावकाश, पण एका घावात तुम्हाला लोळवणारा. तुम्ही एकेक तुकडा करून चिलखत उतरवत जाता. वाटतं की आता झालंच. तेव्हा तो आपली जाड तलवार सरळ तुमच्यावर भिरकावतो, दुसरी सडपातळ तलवार उपसतो आणि एकदम चपळ होतो. तोवर त्याच्या संथपणावर तुम्ही बसवलेला सगळा ठेका मोडतो. चिलखत हे त्याचं संरक्षण होतं तसंच ओझंही होतं, हे एकही संवाद न घालता गेम सांगतो.

तुमचा आवडता डार्कनट कोणता, आणि का? आयर्न नकल आणि फँटम या मालिकेतल्या इतर चिलखतधारी शत्रूंनाही याच घराण्यातले धरू.

---

उत्तरवारा

+१. फार दिवसांनी असा धागा आला.

पहिल्या गेमबद्दल एक भर. खोलीच्या दाराच्या चौकटीत शत्रू येत नाहीत. त्यामुळे चौकटीत उभं राहायचं आणि समोरून आडवा जाणारा डार्कनट बगल दाखवत असेल तेव्हाच तलवार चालवायची. संथ काम आहे, पण हार्ट्स वाचतात. आणि बॉम्बना विसरू नका. ढाल समोर असली तरी स्फोट लागतो. नारिंगी एका बॉम्बमध्ये जातो, निळ्याला दोन लागतात. लाकडी तलवारीचे हेच हिशेब चार आणि आठ घावांचे आहेत. पाचव्या लेव्हलला जाण्याआधी दुकानातून 250 रुपीची (रुपी हे गेममधलं चलन) निळी अंगठी घेतली तर इजा निम्मी होते. महाग आहे, पण तिथे ती वसूल होते.

---

कडीकुलूप

सुंदर लेख. पण आयर्न नकलला तुम्ही शेवटच्या ओळीत पाहुणा म्हणून बोलावलंत याचं वाईट वाटलं, म्हणून त्याची बाजू मांडतो.

1987 च्या 'अ‍ॅडव्हेंचर ऑफ लिंक'मध्ये दृश्य बाजूने दिसतं. मागे फिरून पाठ गाठायची सोयच नाही. तरीही चिलखतधारी आहे, ढाल आहे, आणि पहिल्याच पारापा राजवाड्यात तो उभा आहे. मग करायचं काय? इथे ढाल वर आणि खाली होते. तुम्ही उभं राहून वार केला तर तो ढाल वर घेतो, वाकून केला तर खाली. तुमच्याही ढालीला हाच नियम. म्हणजे दोन जण आमनेसामने उभे आहेत, दोघांकडे तेच दोन डाव आहेत आणि कोण आधी चकवतो एवढाच प्रश्न. त्या काळच्या यंत्रावर दोन बटणांत बसवलेली ही खरीखुरी तलवारबाजी आहे. उडी मारून खाली येताना डोक्यावर वार करायची युक्ती सगळ्यांना शेवटी सापडते, पण निळा आयर्न नकल दुरून तलवारीचे झोत फेकायला लागला की तीही सहज जमत नाही.

याच गेममधल्या तिसऱ्या राजवाड्याचा बॉस रेबोनॅक म्हणजे तरंगत्या घोड्यावर बसलेला निळा आयर्न नकलच. आधी मिडो गावातल्या योद्ध्याकडून शिकलेल्या, तलवार खाली रोखून मारायच्या उडीने त्याला घोड्यावरून उतरवायचं आणि मग तीच जुनी आमनेसामने लढाई. ढालतलवार, तुमचं 'मास्तर' हे म्हणणं इथे तर अक्षरशः लागू पडतं. गावात एक योद्धा डाव शिकवतो आणि राजवाड्यात दुसरा परीक्षा घेतो.

आणि 'ओकारिना ऑफ टाइम'मधला (1998) आयर्न नकल! स्पिरिट टेम्पलमध्ये तो सिंहासनावर बसलेला असतो. तुम्ही आत आलात तरी उठत नाही. तुम्ही मारेपर्यंत उठत नाही. पहिला वार तुम्हालाच करावा लागतो, आणि तो केल्यावर काय उठणार आहे हे त्या कुऱ्हाडीकडे बघून कळलेलं असतं. एका घावात चार हार्ट्स. मालिकेत इतकी दहशत दुसऱ्या कुठल्याच साध्या शत्रूने मला दिलेली नाही.

---

पिंपळपान२२

कडीकुलूप, दहशत मान्य. पण लढाई म्हणून तो मला पोकळ वाटतो. हळू चालतो, कुऱ्हाड उचलतो, तुम्ही मागे कोलांटी मारता, तो चुकतो, तुम्ही उडी मारून वार करता. पुन्हा तेच. चिलखत गळून पडल्यावर थोडा पळतो, तरी डाव तोच राहतो. ढालतलवार म्हणतात त्या अर्थाने तो काय शिकवतो? अंतर राखायला. ते तर आपण फॉरेस्ट टेम्पलच्या स्टाल्फोसकडून आधीच शिकलेलो असतो, आणि तो स्टाल्फोस ढाल धरतो, वाट बघतो, तुमच्याभोवती फिरतो. शत्रू म्हणून तोच जास्त हुशार आहे.

---

कडीकुलूप

@पिंपळपान२२, स्टाल्फोस हुशार आहे हे खरं. तरी आयर्न नकलची खोली फक्त त्याच्यापुरती बघू नका, पूर्ण बघा. खांब आहेत, आणि त्याची कुऱ्हाड खांबांना फोडते. सिंहासनही फुटतं आणि त्यातून हार्ट्स मिळतात. म्हणजे जी कुऱ्हाड तुमचा जीव घेते तीच तुमच्यासाठी औषध काढून देते, फक्त तिला नीट वळवता आलं पाहिजे. मी त्याला नेहमी आधी सिंहासनाभोवती फिरवतो, मगच लढायला सुरुवात करतो.

या गेममध्ये लिंक लहानपणी आणि मोठेपणी असा दोन्ही वयांत खेळता येतो. लहान लिंकने लढताना आणखी एक: डेकू काठी उडी मारून हाणा. काठी मोडते, पण ती कोकिरी तलवारीच्या दुप्पट लागते. चार-पाच काठ्या राखून ठेवल्या तर लढाई लवकर आटोपते.

आणि त्या मंदिराची रचना आठवा. लहानपणी एक आयर्न नकल, त्याच्यापलीकडे पुतळ्याच्या एका हातावर सिल्व्हर गाँटलेट्स. मोठेपणी दुसरा, त्याच्यापलीकडे दुसऱ्या हातावर मिरर शील्ड. तिसरा भेटतो तोवर तुमचा हात बसलेला असतो. तुम्ही न घाबरता, सफाईने त्याला हरवता. चिलखत गळतं आणि आत नबूरू असते. ट्विनरोव्हा या चेटकिणींनी मंत्र घालून आत कोंडलेली. ज्या बाईला लहानपणी तुमच्या डोळ्यांदेखत पकडून नेलं होतं, तिच्यावरच तुम्ही इतका वेळ सपासप वार करत होतात.

लढाई सोपी वाटायला लागल्यावरच हे घडतं, आणि म्हणून ते लागतं. डाव बदलत राहिला असता तर तुमचं सगळं लक्ष डावातच राहिलं असतं.

---

पिंपळपान२२

नबूरूचा प्रसंग माझ्याही मनातून कधी गेलेला नाही. पण त्याचं श्रेय मी कथेला देईन, लढाईला नाही. असो, इथे आपलं जमणार नाही.

'मेजोराज मास्क'मधला आयर्न नकल मला जास्त पटतो. तो गेम तीन दिवसांच्या घड्याळावर चालतो. पहिल्या रात्री कॅप्टन्स हॅट हा मुखवटा घालून स्टालचिल्ड्रन या सांगाड्यांना कबर उघडायला लावायची, खाली उतरायचं, तो पहारा देत असतो. त्याच्यामागे संगीतकार फ्लॅटचा आत्मा आणि साँग ऑफ स्टॉर्म्स ही धून. तिथे घड्याळ चालू आहे, रात्र सरते आहे, आणि तो मात्र सावकाश कुऱ्हाड उचलतो. त्याचा संथपणा तिथे खरोखर अंगावर येतो, कारण वेळ तुमचा जातो आहे.

---

झुंजूमुंजू

मध्येच एक मदत मागते. मी सध्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस' पहिल्यांदाच खेळते आहे आणि टेम्पल ऑफ टाइममधल्या त्याच डार्कनटपाशी अडकले आहे. चिलखत कसंबसं उतरतं, पण तो चपळ झाल्यावर माझा एकही वार लागत नाही, सगळे अडवतो. कथा सांगू नका, फक्त लढाईचं सांगा. लपलेल्या विद्यांपैकी (गेममध्ये शिकायला मिळणाऱ्या तलवारीच्या खास डावांपैकी) पहिल्या चार माझ्याकडे आहेत.

---

ढालतलवार

@झुंजूमुंजू, चार असतील तर तुमच्याकडे सगळं आहे. हेल्म स्प्लिटर तुम्हाला आलेला आहे, तोच इथला हुकमी डाव.

पहिल्या टप्प्यात: त्याच्या तलवारीच्या टप्प्याच्या जरा बाहेर राहून त्याला लक्ष्यात घ्या (त्याच्यावर टार्गेट लॉक करा). तो घाव घालेपर्यंत काहीच करू नका. घाव हुकला की लगेच बॅक स्लाइस, म्हणजे बाजूने लोळण घेऊन पाठीवर. चिलखताचे तुकडे याने भराभर निघतात. वार एक-दोनच करा आणि पुन्हा बाहेर या. तिसऱ्या वाराचा मोह झाला की तो पलटून मारतो.

शेवटचा तुकडा पडला की मागे हटा किंवा ढाल वर धरा, कारण तलवार भिरकावली जाणार आहे.

दुसऱ्या टप्प्यात साधे वार विसरा. तो ते अडवतोच. शील्ड अटॅकने ढाल त्याच्यावर आदळा, तो क्षणभर डळमळतो, तेव्हाच हेल्म स्प्लिटरने डोक्यावरून उडी. एवढंच पुन्हा पुन्हा. तो वार करायच्या बेतात असताना ढाल मारली तर उत्तम जमतं. बाटलीत एक परी ठेवा, मेलात तर ती जिवंत करते.

---

झुंजूमुंजू

धन्यवाद! शील्ड अटॅक मी आत्तापर्यंत लढाईत वापरलाच नव्हता. आज रात्री बसते.

---

सांजवात_नव्हे

ढालतलवार, तुमच्या 'मास्तर' या कल्पनेला एक जोड द्यावीशी वाटते. झुंजूमुंजू, तुम्ही हा प्रतिसाद गेम संपवून मग वाचा.

'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये या विद्या कोण शिकवतो? हिरोज शेड. सोनेरी लांडग्याच्या रूपात भेटतो आणि मग दिसतो तो जुनाट, गंजल्यासारख्या चिलखतातला मेलेला योद्धा. म्हणजे त्या गेममध्ये शिकवणाराही चिलखतात आहे आणि परीक्षा घेणाराही चिलखतात आहे. शिकवताना तो नुसता तोंडी धडा देत नाही. उभा राहतो, ढाल धरतो आणि म्हणतो, माझ्यावर वापरून दाखव. हेल्म स्प्लिटर आपण पहिल्यांदा मारतो तो त्याच्याच डोक्यावर. मग पुढे डार्कनट समोर आला की हाताला आधीच ठाऊक असतं की चिलखतातल्या माणसाला कसं हाताळायचं.

2011 मध्ये निघालेल्या 'हायरूल हिस्टोरिया' या अधिकृत पुस्तकाने स्पष्ट केलं की हिरोज शेड म्हणजे 'ओकारिना ऑफ टाइम'चाच लिंक. हे कळल्यावर ती सगळी शिकवणी वेगळी दिसायला लागते. आयर्न नकलच्या कुऱ्हाडीखालून कोलांट्या मारत जो सुटला, तोच पुढे स्वतः चिलखत चढवून आपल्या वारसाला सांगतो की चिलखत कुठे उघडं असतं. हे बनवणाऱ्यांनी ठरवून केलं का, हा प्रश्नच मला पडत नाही. खेळताना ते तसं जुळतं, हे पुरेसं आहे.

---

ढालतलवार

@सांजवात_नव्हे, हे वाचून थांबलो. इतक्या वर्षांत शिक्षक आणि परीक्षक दोघेही चिलखतात आहेत हे मी एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं. या धाग्याचं चीज झालं.

---

गवतीचहा_००७

सगळं छान, पण नव्या गेमचं काय? 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) आणि 'टिअर्स ऑफ द किंगडम' (2023) दोन्हीत डार्कनट नाही आणि मला त्याची उणीव भासली नाही. कारण लायनल आहे, सिंहाचं तोंड आणि घोड्याचं धड असलेला शत्रू. तलवार, ढाल, धनुष्य सगळं त्याच्याकडे. नेमक्या क्षणी बाजूला उडी मारली की फ्लरी रश, म्हणजे वारांची सर, नेमक्या क्षणी ढाल मारली की त्याचा तोल जातो, मग त्याच्या पाठीवर चढून वार. तुम्ही 'विंड वेकर'चं जे वर्णन केलंत, बटण चमकण्याचा तो क्षण, त्याचीच ही मोठी झालेली आवृत्ती. आणि इथे बटण चमकत नाही, क्षण स्वतःच ओळखावा लागतो. मास्तर म्हणायचं तर लायनल मोठा मास्तर.

---

ढालतलवार

@गवतीचहा_००७, लायनलची लढाई मला मनापासून आवडते, तिला मी कमी लेखणार नाही. तरीही तो डार्कनटची जागा घेत नाही असं मला वाटतं.

लायनल बहुतेक वेळा उघड्या माळावर असतो. तो लांबून दिसतो, तुम्ही वळसा घालून जाऊ शकता, डोंगरावर चढून बाण मारू शकता, सरळ पळू शकता. त्या गेमचा स्वभावच तो आहे आणि तो चांगलाच आहे. डार्कनट बंद खोलीत असतो. दार मागे लागलेलं आहे, छत डोक्यावर आहे, पळायला चार पावलं आहेत. त्या चार पावलांत काय करायचं हा डार्कनटचा प्रश्न आहे. शिवाय त्या गेममध्ये तलवारी तुटतात. एकाच तलवारीशी हात जुळायला वेळच मिळत नाही. डार्कनटशी लढताना तीच तलवार, तीच ढाल, तोच हात असतो. बदलता फक्त तुम्ही.

हायरूल किल्ल्याच्या आत, एखाद्या अरुंद दालनात एकच डार्कनट ठेवला असता, आजूबाजूला चढायला भिंत नाही, लांबून मारायला जागा नाही, तर काय बहार आली असती!

---

गवतीचहा_००७

बंद खोलीचा मुद्दा मान्य. किल्ल्यातला एक डार्कनट मलाही चालेल. पण तलवारी तुटण्याचा मुद्दा उलटाही पडतो. ढालीवर वार केले तर तुमची तलवार झिजते. म्हणजे 1986 मध्ये चुकीच्या बाजूने मारलं तर नुसता टणकन आवाज होता, इथे प्रत्येक आवाजाची किंमत मोजावी लागली असती. अशा डार्कनटपुढे मी खरोखर शहाण्यासारखा लढलो असतो.

---

ढालतलवार

हा मुद्दा माझ्या बाजूने वापरतो, परवानगी गृहीत धरून.

---

कापूरहोळी

फँटमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

'फँटम अवरग्लास'मध्ये (2007) टेम्पल ऑफ द ओशन किंग नावाचं एकच डन्जन पुन्हा पुन्हा खेळावं लागतं आणि तिथे फँटम पहारा देतात. डोक्यापासून पायापर्यंत चिलखत, हातात प्रचंड तलवार. गेमचा मोठा भाग तुम्ही त्यांना मारूच शकत नाही. सुरक्षित जागांवर लपायचं, त्यांची फेरी कुठून कुठे आहे ते नकाशावर बघायचं आणि पाठ फिरली की सटकायचं. शेवटाकडे फँटम सोर्ड हातात येते आणि तेव्हा त्यांना मारता येतं, पण तेव्हासुद्धा फक्त पाठीमागून. 1986 च्या तिसऱ्या लेव्हलमधला धडा 21 वर्षांनी तसाच्या तसा परत आला आहे. इतका वेळ ज्यांच्या पाठीकडे भीतीने बघत होतो, त्याच पाठीवर वार करायचा.

आणि 2009 च्या 'स्पिरिट ट्रॅक्स'मध्ये याच्याही पुढची गोष्ट होते. झेल्डाचा देह चोरीला गेलेला असतो आणि तिचा आत्मा फँटमच्या चिलखतात शिरतो. तुम्ही तिच्यासाठी वाट आखून देता आणि तो अजस्र योद्धा जड पावलं टाकत तुमच्या बाजूने चालतो, लाव्हातून तुम्हाला डोक्यावर घेऊन नेतो. त्या चिलखताच्या आत राजकन्या आहे आणि ती उंदरांना घाबरते!

कडीकुलूप यांनी नबूरूबद्दल लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं. 'ओकारिना'त चिलखताच्या आत बाई कोंडलेली होती आणि आपल्याला ते कळायला उशीर झाला. 'स्पिरिट ट्रॅक्स'मध्ये ती स्वतः आत शिरते आणि आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. मग 2024 च्या 'एकोज ऑफ विज्डम'मध्ये झेल्डाच नायिका आहे. शत्रूला एकदा हरवलं की त्याचं प्रतिरूप तिला हवं तेव्हा उभं करता येतं, आणि त्यात डार्कनटही आहे. त्याच्या चढत्या लेव्हलही आहेत. मी त्याला पहिल्यांदा स्वतःच्या बाजूने उभा केला तेव्हा लढाई विसरून नुसती त्याच्याकडे बघत राहिले. तो पुढे सरकतो, ढाल धरतो, आणि या खेपेला त्याची पाठ माझ्याकडे असते कारण तो माझं रक्षण करतो आहे.

---

कडीकुलूप

कापूरहोळी, 'पाठ माझ्याकडे असते' हे वाचून अंगावर काटा आला. 'एकोज' मी अर्ध्यात सोडला होता, पुन्हा काढतो.

---

उत्तरवारा

'मिनिश कॅप' (2004) राहिलाच की. फोर्ट्रेस ऑफ विंड्समध्ये डार्कनट मिनीबॉस आहे तो ठीकच, पण शेवटाजवळ डार्क हायरूल कासलमध्ये जे आहे त्याला तोड नाही. वाटी (Vaati) हा खलनायक झेल्डाची शक्ती ओढून घेत असतो, घंटेचे टोल पडत असतात, आणि तिसरा टोल पडायच्या आत तुम्हाला वर पोहोचायचं असतं. वाटेत कोण? डार्कनट. एक नाही, अनेक.

ढालतलवार यांनी मूळ लेखात धीराचं लिहिलं. इथे गेम तुमच्याकडून धीर मागतो आणि त्याच वेळी घड्याळही लावतो. घाई केली तर मार खाता, वाट बघितली तर टोल पडतो. मी अनेकदा तिथे हरलो आहे आणि प्रत्येक वेळी पटलं की गेमने फसवलेलं नाही.

---

पिंपळपान२२

तो प्रसंग! तिथे पळता येत नाही आणि थांबताही येत नाही. माझ्या मते हीच डार्कनटची सर्वांत कठीण परीक्षा, 'ट्वायलाइट प्रिन्सेस'च्या केव्ह ऑफ ऑर्डील्समधल्या शेवटच्या तीन डार्कनटांपेक्षाही. तिथे निदान वेळ तुमचा असतो.

---

झुंजूमुंजू

पडला! शील्ड अटॅक, हेल्म स्प्लिटर, बाहेर. तिसऱ्या वाराचा मोह दोनदा झाला आणि दोन्ही वेळा त्याने पलटून मारलं, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच. परी वापरावी लागली.

पिंपळपान२२, ते केव्ह ऑफ ऑर्डील्स काय आहे? तीन डार्कनट एकदम?

---

पिंपळपान२२

अभिनंदन! हो, तीन एकदम. वाळवंटात आहे, खाली खाली उतरत जाणाऱ्या खोल्या आणि प्रत्येक खोलीत लढाई. तळाशी ग्रेट फेअरी. शेवटची लढाई या तिघांची. तिथे जाण्याआधी उरलेल्या तिन्ही विद्या शिकून घ्या, बाटल्या भरून घ्या. आणि आत गेल्यावर तिघांच्या मध्ये कधीच जाऊ नका. भिंतीला पाठ लावा, जो सर्वांत पुढे आला त्यालाच लक्ष्यात घ्या, आणि एकाचं चिलखत उतरलं की दुसऱ्याकडे वळू नका, आधी त्यालाच संपवा. चपळ झालेला एक डार्कनट मोकळा फिरत असताना अवजड दोघांवर नजर ठेवणं फार कठीण जातं.